सागवानी खुर्चीचे सांधे आणि त्यांत साठलेला जुना गम

परभणीच्या एका घरातून आमच्या नांदेडच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या सागवानी खुर्चीची ही नोंद. खुर्ची हाताची, बैठक वेताची, पाठीला उभ्या पट्ट्या आणि खाली चारही पायांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या आजेसासऱ्यांनी ही खुर्ची निजामाच्या राजवटीत, म्हणजे १९४८ च्या आधी, किनवटकडच्या सागातून करून घेतली असं घरात सांगतात. लाकूड बघितलं की ते पटतं. दाट रेषा, हाताला किंचित तेलकट, वजनाला भारी, आणि इतक्या वर्षांत कुठे कीड म्हणून नाही. लाकडाची काही तक्रारच नव्हती, तक्रार सांध्यांची होती.

बाई म्हणाल्या, "दादा, आजवर तीन मिस्त्र्यांचा हात लागलाय हिला. दुरुस्त होऊन येते तेव्हा एकदम ठणठणीत. दिवाळी जाते, होळी जाते, अन् वैशाखात पुन्हा डुगडुगायला लागते. आता तुम्हीच सांगा, ठेवायची का मोडीत द्यायची?"

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण अशा खुर्च्या, पाळणे, दिवाण मराठवाड्यात अजून घरोघरी आहेत आणि ते भराभर मोडीत निघतायत. बहुतेकांचं दुखणं एकच असतं. सांधा सुटला की त्यात नवा गम ओततात, वरून खिळा मारतात आणि देतात पाठवून. आतला जुना गम काढायला कोणी बसत नाही. तो काढणं हेच या दुरुस्तीतलं खरं काम आहे. नवा गम लावायला पाच मिनिटं पुरतात.

उन्हाळ्यात सांधा का सुटतो

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत त्याचा फरक जवळपास नसतो, रुंदी-जाडीत मात्र असतो. ओला साग पार सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे पाच टक्के आकसतो. इतर लाकडांच्या मानाने हे कमीच, म्हणून तर फर्निचरला साग. पण खुर्चीच्या सांध्यात पायातली खाच आणि पट्टीचं कुसू, म्हणजे त्या खाचेत बसणारं तासलेलं टोक, यांचे रेषे एकमेकांना काटकोनात असतात. पावसाळ्यात कुसू फुगतं, खाचेच्या भिंतींवर दाबलं जातं, त्याचे रेषे चिरडतात. मग आपला मराठवाड्याचा उन्हाळा येतो. पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला, हवेत ओलीचा टिपूस नाही. चिरडलेलं कुसू आकसतं ते पहिल्यापेक्षा बारीक होऊन. दरसाल हा खेळ चालतो आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवण्याचं सगळं ओझं गमावर येतं.

तो गम जर लाकडाला न चिकटता आधीच्या वाळलेल्या गमाच्या थरालाच चिकटलेला असेल, तर तो वैशाखात सुटणारच. ओला गम लाकडाच्या रेषांत थोडा मुरतो, तिथे वाळतो, आणि म्हणून धरतो. जुन्या गमाचा पापुद्रा ती वाट बंद करून टाकतो. पांढऱ्या गमाच्या, म्हणजे फेविकॉलसारख्या गमाच्या, बाबतीत तर हे फार ठळकपणे दिसतं. एकदा वाळलेल्या पांढऱ्या गमावर दुसरा पांढरा गम नीट धरत नाही. वरून सांधा भरल्यासारखा दिसतो, पण आत दोन पापुद्रे नुसते एकमेकांना टेकलेले असतात.

आणखी एक गोष्ट. पांढरा गम हा उष्णतेने मऊ पडणाऱ्या जातीचा आहे. बाईंची खुर्ची पत्र्याच्या पडवीत असते. दुपारी त्या पत्र्याखाली काय तापतं हे परभणीकराला सांगायला नको. मऊ पडलेल्या गमावर माणूस रेलून बसला की सांधा तुटत नाही, कणाकणाने सरकतो. संध्याकाळी गम पुन्हा कडक होतो, पण सरकलेल्या जागीच.

खोलण्याआधी

खुर्ची लगेच ठोकून उघडायची नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. आधी प्रत्येक सांध्यावर कागदी टेप लावून आकडा लिहिला आणि दोन्ही बाजूंना तोच आकडा टाकला. हाताने घडवलेल्या खुर्चीत एका सांध्याचं कुसू दुसऱ्या खाचेत बसत नाही. मग खुर्ची आडवी करून एकेक सांधा हाताने हलवला. काही हलत होते, काही किंचित करकरत होते, आणि पाठीचे वरचे सांधे दगडासारखे घट्ट होते. घट्ट सांधा उघडायचा नाही. पाऊणशे वर्षं धरून राहिलेल्या सांध्याला केवळ बाकीचे सुटले म्हणून हात लावणं हा अन्याय आहे. मिस्त्रीला सगळं स्वच्छ करून पुन्हा मांडायची हौस असते, ती इथे आवरावी लागते.

पुढचं काम लोहचुंबकाचं. लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश मारून दडवलेले खिळे डोळ्याला दिसत नाहीत, चुंबकाला कळतात. पुढच्या पायांत आणि खालच्या दांड्यांत ते निघाले. काहींच्या भोवती लाकूड काळं पडलं होतं, कारण सागातली तुरट द्रव्यं लोखंडाला भेटली की काळा डाग धरतात. खिळ्याच्या डोक्याभोवती अरुंद पटाशीने इवलीशी जागा करून, पकडीखाली लाकडाची चिप ठेवून, ते सरळ रेषेत ओढून काढले. खिळा आत ठेवून सांधा ठोकला तर कुसू उभं चिरतं, आणि चिरलेल्या कुसूपुढे गमाचा प्रश्न फार लहान वाटायला लागतो.

कोणता गम, हे कसं ओळखलं

तीन मिस्त्री होऊन गेले असतील तर तीन प्रकारचा गम असू शकतो, हे धरूनच चाललं पाहिजे. ते तसंच निघालं. खुर्चीवर मुळातला सरस, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा गम, होता, त्यानंतर कोणीतरी पांढरा गम भरला होता, आणि शेवटच्या मिस्त्रीने पुढच्या डाव्या पायात दोन ट्यूबांचा इपॉक्सी ओतला होता.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सुरीचं टोक, गरम पाणी आणि थोडा धीर पुरतो. सरसाचा वाळलेला थर तांबूस-तपकिरी असतो आणि सुरीने टोचला की काचेसारखा टचकन उडतो. त्यावर गरम पाण्याचा थेंब ठेवून थोडं थांबलं की तो बोटाला चिकट लागतो, आणि नाक जवळ नेलं तर कातड्याचा वास येतो. पांढरा गम वाळल्यावर पारदर्शक किंवा फिकट पिवळट दिसतो. पाणी लागलं की पुन्हा दुधाळ होतो, सुरीखाली रबरासारखा गुंडाळला जातो. इपॉक्सीला पाण्याने काही म्हणजे काही होत नाही. सुरी घसरते, जोर केला तर पांढरट भुकटी निघते.

गम नेमका कुठे कुठे आहे हे बघायलाही पाणीच वापरलं. ओल्या फडक्याने कुसू पुसलं की मोकळं लाकूड लगेच गडद होतं आणि पाणी पितं. जिथे गमाचा थर आहे तिथे फिकट, चमकदार ठिपका राहतो. ही खूण या कामात शेवटपर्यंत उपयोगी पडली. सांधा स्वच्छ झाला की नाही हे डोळ्याच्या अंदाजावर सोडायचं नाही, पाणी फिरवून बघायचं.

सरस

मागच्या पायांचे दोन सांधे फक्त मूळ सरसावर होते. अर्धवट सुटलेले, पण उघडत नव्हते. इथे इंजेक्शनच्या सुईने पॉलिशचं स्पिरिट सांध्याच्या फटीत सोडलं. स्पिरिट सरसातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं, सरस ठिसूळ होतो, आणि लाकडी मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांत सांधा कडक आवाज करून सुटतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. जुन्या खुर्चीवर लाखेचं पॉलिश असतं आणि ते याच स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून सांध्याभोवती मेणाचा जाड हात फिरवला आणि खाली फडकं धरलं. तरी एका ठिकाणी ओघळ गेलाच. तो नंतर लाखेच्या बोळ्याने जुळवून घेतला.

सुटलेल्या कुसवावरचा सरस काढायला फक्त गरम पाणी. उकळतं नको, हाताला चटका बसेल इतपत, साठ-सत्तर अंशांचं. ब्रशने लावायचं, थांबायचं, पुन्हा लावायचं. थर लिबलिबीत झाला की बांबूच्या कामटीने खरवडायचा आणि ओल्या फडक्याने पुसायचा. कामटी यासाठी की ती गम उचलते पण सागाला ओरखडा देत नाही. पटाशीची धार इथे फार लवकर लाकडात शिरते. खाचेच्या आत जुना टूथब्रश, आणि कोपऱ्यांसाठी कामटीचं टोक तासून त्यावर फडक्याची पट्टी.

सरसाच्या सांध्यात शेवटचा कण काढायचा हट्ट धरला नाही. नवा गरम सरस जुन्या सरसाला पुन्हा ओला करतो आणि दोघे एकजीव होतात. रेषांच्या आत मुरलेला सरस राहिला तरी बिघडत नाही. हा गुण दुसऱ्या कोणत्या गमात मी पाहिलेला नाही. जुन्या सुतारांनी सरस का धरून ठेवला, हे अशा वेळी हाताला कळतं.

पांढरा गम आणि आतली चिंधी

बैठकीच्या बाजूच्या पट्ट्या उघडल्या तेव्हा दुकानातली सगळी माणसं बघायला आली. कुसवाभोवती सुती कापडाची चिंधी गुंडाळून, ती पांढऱ्या गमात भिजवून, कुसू खाचेत ठोकलेलं होतं. ढिल्या कुसवाला घट्ट करण्याची ही पद्धत आपल्याकडे बरीच चालते. करणाऱ्याची नियत वाईट नसते. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची असते. पण कापड दाबलं जातं, आणि गमाचा जाड थर कधीच ताकदीचा नसतो. गमाची ताकद पातळ थरात असते, जिथे लाकूड लाकडाला जवळजवळ टेकलेलं असतं.

चिंधी ओढून निघत नव्हती. आधी हेअर ड्रायरने सांधा तापवला. गम मऊ पडला तसं कापडाचं टोक हाती आलं आणि हळूहळू एक वेढा सुटला. खाली मात्र गमाचा रबरी थर तसाच होता. त्याला व्हिनेगर लावलं. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर, कोमट करून. फडक्याची घडी त्यात भिजवून कुसवावर गुंडाळली, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, म्हणजे वाऱ्याने वाळू नये. पातळ थर अर्ध्या-पाऊण तासात उकलतो. हा जाड होता, रात्रभर ठेवला. सकाळी तो पांढरा, फुगलेला, दह्याच्या सायीसारखा झाला होता आणि कामटीने लांबच लांब पट्ट्यांत निघत होता.

इथे एक सावधगिरी अगदी आवर्जून सांगतो. व्हिनेगर आणि लोखंड यांची गाठ सागावर पडू द्यायची नाही. लोखंडी तारेची घासणी, स्टीलवूल, गंजकी पटाशी यांपैकी काहीही या ओल्या लाकडाला लागलं तर काळाभोर डाग पडतो आणि तो आत उतरतो. आमच्याकडे नायलॉनचा ब्रश आणि कामटी एवढंच चालतं. काम झालं की कोमट पाण्याने दोनदा पुसून व्हिनेगर घालवायचं, कारण पुढे तिथे सरस लावायचा होता.

आमच्याकडे शिकणाऱ्या पोराने विचारलं, "काका, कानस मारली तर पाच मिनिटात होतंय की. एवढं कशाला?" त्याला जवळ बसवून कुसवाची मागची बाजू दाखवली. आधीच्या कोणीतरी नेमकं तेच केलेलं होतं. कानशीच्या तिरप्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. गमाबरोबर लाकूडही गेलं होतं, आणि तेही सारखं नाही: टोकाला जास्त, खांद्याजवळ, म्हणजे कुसू जिथे पट्टीला मिळतं तिथे, कमी. कुसू निमुळतं झालं होतं. निमुळतं कुसू खाचेत फक्त खांद्याजवळ टेकतं, पुढे सगळी पोकळी. ती पोकळी भरायला पुढच्या मिस्त्रीला चिंधी लागली. कानशीने वाचवलेल्या पाच मिनिटांची किंमत पुढच्या तीन दुरुस्त्यांनी मोजली. कुसवाचे गाल, म्हणजे त्याच्या दोन सपाट बाजू, हेच त्या सांध्याचं बळ आहे. गम जायला हवा, गाल राहायला हवेत. पोराने मग कानस ठेवली आणि उरलेली कुसवं त्यानेच व्हिनेगरने साफ केली. माझ्यापेक्षा नीट केली.

इपॉक्सीचा पाय

पुढचा डावा पाय सगळ्यात अवघड. शेवटच्या मिस्त्रीने खाचेत इपॉक्सी ओतून कुसू बसवलं होतं, पण आतला पांढरा गम आणि जुना सरस तसाच ठेवून. त्यामुळे इपॉक्सी लाकडाला फारच थोड्या जागी लागला होता, आणि जिथे लागला होता तिथे मात्र असा की सोडायला तयार नव्हता.

वाळलेला इपॉक्सी पाण्यात, व्हिनेगरमध्ये, स्पिरिटमध्ये विरघळत नाही. ॲसिटोनने वरून थोडा फुगतो, एवढंच. रंग काढायचे जे कडक केमिकलचे डबे मिळतात त्यांतल्या काहींत डायक्लोरोमिथेन असतं. ते इपॉक्सीला मऊ करतं हे खरं, पण त्याची वाफ बंद दुकानात माणसाचा जीव घेऊ शकते. असला डबा मी दुकानात येऊ देत नाही. गिऱ्हाइकाची खुर्ची कितीही मोलाची असो.

उरते ती उष्णता. घरगुती इपॉक्सी तापवला की कडकपणा सोडतो. हीट गन लांब धरून, सतत हलवत, थोडं थोडं तापवलं. एका जागी थांबलं की साग करपतो आणि पॉलिश फोड धरतं, म्हणून आजूबाजूला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. नाकावर मास्क, दारं उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने. इपॉक्सी धुरावायला लागला तर आपण जास्त तापवतोय हे समजायचं. पाय आणि पट्टी यांच्यामध्ये उलटा क्लॅम्प लावून, म्हणजे दाबणारा नव्हे तर फाकवणारा, हलका ताण दिला आणि तापवत राहिलो. ठोकलं नाही. ताणाखाली सांधा कुरकुरत, एकेक केस सरकत निघाला.

बाहेर आलेल्या कुसवाच्या एका गालावर इपॉक्सीचा मधाच्या रंगाचा गोळा होता, त्याखाली पांढऱ्या गमाचा दुधाळ पापुद्रा आणि त्याखाली तपकिरी सरसाची पातळ रेघ. तिन्ही गम एकावर एक दिसत होते. सरस जिथे लाकडाला धरून होता, तिथे तो अजूनही धरूनच होता.

गरम असतानाच बोथट पटाशी जवळजवळ उभी धरून इपॉक्सी खरवडला. थंड झाला की पुन्हा तापवायचं. शेवटचा पापुद्रा धारदार पटाशीने, गालाला अगदी समांतर धरून, अंगठ्याच्या दाबाने काढला. सागात बारीक वाळूसारखा अंश असतो, धार लवकर बोथटते. या एका कुसवासाठी दगडावर पुन्हा पुन्हा जावं लागलं. खाचेच्या तळाला रेषांत मुरलेला इपॉक्सी मात्र निघाला नाही. तो काढायचा म्हणजे खाच मोठी करायची, आणि खाच मोठी केली की पायाची भिंत पातळ होते. तिथे हात आखडता घेतला.

वाळवणं, मोजणं, जोडणं

ओलं झालेलं लाकूड फुगलेलं असतं. त्या अवस्थेत कुसू खाचेत छान घट्ट बसतं, आणि तिथेच फसगत होते. सगळे भाग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, बरेच दिवस ठेवले. नांदेडच्या उन्हात तासाभरात वाळले असते, पण उन्हात एकाच अंगाने वाळून पट्टीला पीळ पडतो.

वाळल्यावर मापं घेतली. मोटारसायकलवाल्या मिस्त्रीकडून फीलर गेज आणला. इंजिनातली फट मोजायच्या त्या पत्र्याच्या पात्या सांध्याची फट मोजायला उत्तम. सरसाच्या सांध्यांत सगळ्यात पातळ पातीही मुश्किलीने जात होती. चिंधीच्या सांध्यांत कुसवाच्या टोकाला आठ दशांश मिलिमीटरची पाती आरामात गेली. एवढी फट गमाने भरायची नसते, लाकडाने भरायची असते. जुन्या सागाच्याच तुकड्यातून रंध्याने पातळ पत्र्या काढल्या, कुसवाच्या दोन्ही गालांना रेषा जुळवून सरसाने चिकटवल्या, आणि वाळल्यावर हळूहळू उतरवत आणल्या. कुसू हाताच्या जोराने खाचेत जावं, मोगरी लागू नये आणि उलटं धरलं तर पडू नये, एवढं बेताचं. एकाच गालाला जाड पत्री लावली असती तर पट्टी एका बाजूला सरकली असती, म्हणून दोन्हींना.

आता कोणता गम लावायचा. बहुतेक सांध्यांना सरस, हे माझ्या मनात पक्कं होतं. खुर्ची मुळात त्याची, उरलेल्या सरसाशी त्याचं जमतं, पत्र्याखालच्या कोरड्या तापात तो मऊ पडत नाही, आणि उद्या सांधा पुन्हा उघडायचा झाला तर गरम पाण्याने उघडेल. सरसाचा वैरी म्हणजे ओल, आणि पडवीत पावसाचा सपकारा येत नाही हे विचारून घेतलं. पण सरस जनावराच्या कातड्याचा, हाडांचा. आपल्याकडे अनेक घरांत गळ्यात तुळशीची माळ असते. म्हणून हे गिऱ्हाइकाला आधी सांगतोच. बाईंना फोन करून विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आधीपासून तोच आहे म्हणता ना? मग तोच लावा. पण विचारलंत हे बरं केलंत." त्या नाही म्हणाल्या असत्या तर पांढरा गम लावला असता, आणि खुर्ची पडवीतून आत घ्यायला सांगितलं असतं.

पुढच्या डाव्या पायाच्या सांध्याला मात्र इपॉक्सीच लावला. खाचेत जुना इपॉक्सी मुरलेला होता, त्यावर सरस धरत नाही. जुना इपॉक्सी खरखरीत करून पुसला तर नवा त्याला धरतो, आणि थोडी फटही सांभाळून घेतो. हा सांधा पुढे कोणाला सहज उघडता येणार नाही, ही खंत आहे. पण त्या खाचेत दुसरा मार्ग उरला नव्हता.

सरसाचे दाणे थंड पाण्यात भिजत घातले, मग गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात साठ अंशांच्या आसपास पातळ केले. थेट आचेवर ठेवला की सरस जळतो आणि त्याची ताकद जाते. जोडायच्या थोडं आधी सगळी कुसवं ॲसिटोनने पुसली, कारण सागाचं तेल वर येऊन गमाला अडवतं. दोन्ही अंगांना सरस लावून सांधे बसवले. लांब क्लॅम्प पुरेसे नव्हते तिथे सुताच्या दोरीचे वेढे घेऊन काठीने पीळ दिला. वाकड्या पायांच्या खुर्चीला दोरी क्लॅम्पपेक्षा बरी बसते. शहाबादी फरशीवर खुर्ची ठेवून चारही पाय टेकतात का बघितलं, बैठकीचे दोन्ही कर्ण मोजले, एक कर्ण जरा लांब होता तो दोरी किंचित तिरपी ओढून सारखा केला. बाहेर आलेला सरस गोठून जेलीसारखा झाल्यावर कामटीने उचलला. कोणता गम कुठे, हे बैठकीच्या पट्टीच्या आतल्या अंगाला पेन्सिलने लिहून ठेवलं, सांध्याच्या आकड्यासकट. खिळा एकही मारला नाही. खिळ्यांची भोकं सागाच्याच खुंट्यांनी भरली.

मजुरीचं सांगायचं तर, या खुर्चीच्या पैशात बाजारात फायबरच्या खुर्च्यांचा जोड आला असता. बाईंना ते आधीच सांगितलं होतं, आणि त्यांनी घासाघीस केली नाही. पण सगळ्यांना हे परवडत नाही, हेही खरं. ज्यांना परवडत नाही त्यांना मी एवढंच म्हणतो की सांधा सुटलेला असेल तर त्यात काही ओतू नका, दोरी बांधून ठेवा. रिकामा ढिला सांधा दहा वर्षांनीही नीट होतो. इपॉक्सी ओतलेल्या सांध्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

पुढच्या वैशाखात एका कामासाठी परभणीला जाणं झालं तेव्हा बाईंच्या पडवीत जाऊन खुर्ची तपासली. सरसाचे सगळे सांधे घट्ट. चिंधी काढलेल्या सांध्यांच्या खांद्यापाशी फीलर गेजची सगळ्यात पातळ पाती लावून बघितली, गेली नाही. पुढच्या डाव्या पायाचा इपॉक्सीचा सांधा हलत नव्हता, पण त्याच पायातली खालची दांडी, जी आम्ही घट्ट म्हणून उघडली नव्हती, ती आता किंचित करकरत होती. वरचा सांधा ताठ झाल्यावर ओझं तिच्याकडे गेलं असणार. बाईंना सांगितलं की तिच्यात कोणालाही काही भरू देऊ नका. पावसाळा संपला की पाठवून द्या, तिच्यात अजून मूळ सरसच आहे.